बेटावर उतरताय? आपलं नागपूर सोबत न्यायला विसरू नका

२०२४च्या जानेवारीत पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो आले आणि धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत सगळ्यांना एकदम समुद्राची ओढ लागली. तोवर आपला समुद्र म्हणजे अंबाझरी, आणि फारच चैन करायची असली तर फुटाळ्यावर भाजलेलं कणीस. आता ज्याला पाहावं तो मुंबईहून क्रूझ पकडून राहिला. जहाजावर खाणं-पिणं, नाचगाणं, स्विमिंग पूल आणि मधे एक दिवस अगत्ती बेटावर उतरून बीच. पॅकेज तसं वाईट नाही. पण नुसते पैसे भरून बीचचा आनंद लुटता येत नसतो, त्यासाठी तयारी लागते. मी नुकताच जाऊन आलोय, आमच्याच भागातल्या एका मोठ्या ग्रुपसोबत. त्या मंडळींनी तिथे जे काही दिवे लावले ते पाहून मी धन्य झालो. पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून त्यांचीच पद्धत इथे मांडतो आहे.

पहिली गोष्ट, जाण्याआधी काहीही वाचू नका. वाचलं की मजा जाते. लक्षद्वीपमध्ये ३६ बेटं आहेत, माणसं राहतात ती फक्त १० बेटांवर आणि सगळी जमीन मिळून भरते ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे एकट्या नागपूर शहरात अख्खं लक्षद्वीप सहा-सात वेळा मावेल. असलं काही कळलं की उगाच दबकून वागावंसं वाटतं. अगत्ती जेमतेम सात-साडेसात किलोमीटर लांब. रुंदीला इतकं कमी की एका किनाऱ्यावर नारळपाणी प्यायला सुरुवात करावी आणि दुसऱ्या किनाऱ्यावर जाऊन संपवावं. त्यात साडेसात हजारांच्या आसपास माणसांचं गाव नांदतंय, शाळा-मशिदी-दवाखान्यासकट. हे तर मुळीच लक्षात ठेवू नका. तुमच्या लेखी ते क्रूझवाल्यांनी तुमच्यासाठी मांडलेलं रिसॉर्ट आहे आणि दिसेल तो माणूस वेटर. आमच्यातल्या एकाने सायकलवरून चाललेल्या शाळकरी पोराला हाक मारली, 'ए भैया, पानी लाना.' पोरगं थांबलं, समोरच्या घरात गेलं आणि खरंच तांब्याभर पाणी घेऊन आलं. आमच्या माणसाने ते पिऊन तांब्या वाळूत ठेवला आणि पुढे निघाला.

जहाज बेटाला लागत नाही. बेटाभोवती प्रवाळाची, म्हणजे पोवळ्यांची रांग असते, ती ओलांडून आत एवढं मोठं धूड येऊच शकत नाही, म्हणून ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि लहान बोटी येऊन माणसं नेतात. त्यासाठी जहाजावर टोकन देतात. एक नंबर पुकारला की भलत्याच नंबरवाल्यांनी उठून दाराशी गर्दी करायची, ही आपली रीत. 'आमचे लोक पुढे गेलेत' हे वाक्य तयार ठेवा. ते कुठेही चालतं, सीताबर्डीच्या ऑटोत, लग्नाच्या पंगतीत आणि भर समुद्रातही. बोट लाटेबरोबर वर येते, खाली जाते. बोटीवरचा माणूस तुमचं कोपर धरून 'वेट, वेट' म्हणत असतो. बोट वर आली की 'नाऊ' म्हणतो. तुम्ही 'वेट'वर पाय टाका. त्याचा व्यायाम होतो.

समुद्र खवळला आणि कॅप्टनने उतरणं रद्द केलं, तर रिसेप्शनवर जाऊन 'पैसे मोजलेत आम्ही' हे मोठ्याने सांगा. लाटा ऐकतात.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. तिथे मल्याळम बोलतात, पण आपली हिंदी जोरात बोललं की कुठेही कळते. नाही कळली तर आणखी जोरात.

कपड्यांचं म्हणाल तर, उतरण्याआधी जहाजावर सूचना देतात की बेटावरची वस्ती जवळपास सगळी मुस्लिम आहे, साधी माणसं आहेत, पर्यटकांच्या किनाऱ्यावर काय घालायचं ते घाला पण गावातून जाताना अंगभर कपडे असू द्या. ही सूचना बायकांसाठी आहे असं समजून आपल्या पुरुषमंडळींनी ओली चड्डी, खांद्यावर जहाजाचा पांढरा टॉवेल आणि उघडं पोट अशा थाटात गावातल्या दुकानात बिस्किटाचा पुडा घ्यायला जावं. दुकानातली बाई मान खाली घालून सुटे पैसे देते. तिचे संस्कार.

दारू बेटांवर बंद आहे, एक बंगाराम सोडून. म्हणून जहाजावरूनच कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून न्यावी. कोणाला कळत नाही. फक्त तुमच्या जवळून जाणाऱ्यांना, लांबून जाणाऱ्यांना आणि त्या बोटवाल्याला कळतं.

ऊन? आपल्याला कोण ऊन शिकवणार! आपण ४५ अंशांत पंक्चर काढून घेणारे लोक. तेव्हा स्कूटीवर बांधतो तो दुपट्टा, पांढरा रुमाल, गमछा, सगळं घरीच ठेवून जा. तिथे पारा तिशीच्या थोडा वर असतो, वारा गार लागतो, म्हणून काही जाणवत नाही. पण वरून एक ऊन पडतं आणि पांढऱ्या वाळूवरून, पाण्यावरून उसळून दुसरं येतं. रात्री जहाजावर पाठीला दही चोळत बसायचं आणि म्हणायचं, 'पण टेंपरेचर तर काहीच नव्हतं बाप्पा.' क्रीम लावायचंच असेल तर पाण्यात शिरता शिरता चांगलं थापून लावा. त्यातलं ऑक्सिबेन्झोन नावाचं रसायन पोवळ्यांना मारक ठरतं म्हणून पलाऊ या बेटांच्या देशाने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून तसल्या क्रीमवर बंदी घातली. ते देश रिकामटेकडे आहेत. हवाई हा देश नाही, ठाऊक आहे, पण ग्रुपमध्ये असं बोललं की खपतं.

ब्लूटूथ स्पीकर न्याच. समुद्राला आवाज नसतो.

जेवायला टूनाची आमटी, भात, नारळ घालून केलेली भाजी असं काहीतरी पुढे येईल. पहिला घास घेण्याआधीच 'तर्री नाही का हो?' विचारून घ्यावं. मग सोबत आणलेला चिवडा उघडून सगळ्या टेबलांवर फिरवावा आणि वाढणाऱ्या पोरासमोर 'याले म्हणतात चव' असं म्हणावं. ते टूना तिथले लोक जाळं टाकून ओरबाडत नाहीत, काठीला गळ लावून एकेक मासा बोटीत ओढतात. गळापाशी मासा यावा म्हणून आधी लगूनमधल्या, म्हणजे पोवळ्यांच्या रांगेच्या आतल्या शांत पाण्यातल्या बारक्या माशांचं जिवंत आमिष पकडावं लागतं आणि ते बारके मासे पोवळ्यांच्या आडोशाला राहतात. एका ताटलीमागे एवढी उलाढाल. पण तुम्ही टेबलावर अर्धं टाकून उठा. बुफेचे पैसे दिलेत.

आणि हो, पाकिटं. चिप्सची, वेफर्सची, वेट टिश्यूची, पोरांच्या डायपरची. ही वाळूत चार बोटं खोल पुरावी, म्हणजे स्वच्छता राखली असं होतं. बेटावर कचऱ्याला जायला जागाच नाही, न कुजणारं जे काही आहे ते जहाजात घालून पुन्हा मुख्य भूमीवर पाठवावं लागतं, हे त्यांचं दुखणं. पाण्याचंही तसंच. जमिनीखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा एक पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, तेवढ्यावर गावाची तहान. पुरत नाही म्हणून आधी कवरत्तीत २००५ साली आणि नंतर मिनिकॉय, अगत्तीतही समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प उभारावे लागले. तुम्ही वाळू धुवायला शॉवरखाली निवांत उभे राहा. जमलं तर नळ तसाच सोडून या.

आता मुख्य विषयावर येतो. आठवण म्हणून काय आणायचं?

टोपी आणि की-चेन गरिबांनी आणावी. तुम्ही पोवळं आणा. जिवंत, ताजं, फांदीसकट.

कृती सोपी आहे. लगूनमध्ये बऱ्याच ठिकाणी कमरेएवढंच पाणी असतं. मास्क लावून आडवं व्हायचं आणि नुसतं तरंगत खाली पाहायचं, असं तो गाईड पोरगा आधी तीनदा सांगतो. वीस-बावीस वर्षांचा असेल, काडीसारखा, उन्हाने रापलेला. 'नो स्टँडिंग सर, नो टच सर.' तुम्ही उभे राहा. पायाखाली जे टोचतं त्याच्यावरच उभे राहा, म्हणजे फोटोत छाती पाण्याच्या वर येते. खाली पापड मोडल्यासारखा आवाज होईल. तो आला की समजा, जागा बरोबर सापडली. आता वाकून फांदी हलवा, मोडा, वर काढा.

आमच्या ग्रुपमधल्या एका सद्गृहस्थांनी हे सगळं माझ्यासमोर केलं. बँकेतून रिटायर्ड, सुशिक्षित, सोसायटीच्या बैठकीत पर्यावरणावर बोलणारे. गाईड पाण्यातून हात हलवत ओरडत आला तर त्याला म्हणाले, 'काही नाही होत ना बे, गोटाच तर आहे.'

गोटा! साहेब, तो गोटा नाही. ती हजारो बारीक जिवांची वसाहत आहे. आपल्या अंगातून चुना काढून ते घर बांधतात, त्यावर पुढच्यांचं घर, त्यावर त्यापुढच्यांचं. गोल पोवळं वर्षभरात जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. फांद्यांचं थोडं भराभर वाढतं, पण तेही काही तुमच्या पायाच्या वेगाने नाही. ज्या वाळूवर तुम्ही खुर्ची टाकून बसला होता ती पांढरी वाळू म्हणजेसुद्धा पोवळ्यांचाच चुरा, त्यातला बराचसा पोपट मासे पोवळं कुरतडून मागे टाकतात तो. अख्खं बेट त्यांच्यावर उभं आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर वर आहे, आपल्याला काय कळणार? ते बेट पाण्यापासून काही हात वर आहे. बाहेरच्या लाटा त्या पोवळ्याच्या बांधावर आपटून फुटतात म्हणून आतलं गाव रात्री झोपू शकतं. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४, समुद्र तापून तिथली पोवळी पांढरी पडली, कितीतरी मेली. त्यातून जी तग धरून राहिली त्यांतली एक फांदी यांना टीव्हीच्या शेजारी हवी होती.

आणि ती कशात आणली माहितीये? चिवड्याच्या डब्यात. किनाऱ्यावर वर्तमानपत्र पसरून उरलेला चिवडा त्यावर ओतला आणि रिकाम्या स्टीलच्या डब्यात ती फांदी. तपकिरी, टोकांना फिकट निळी, वरून शेंबडासारखी बुळबुळीत तार गळत होती. घाबरलं, दुखावलं की पोवळं तसं पाझरतं. डब्यात दाबताना तिच्या बेचक्यातून नखाएवढा एक खेकडा बाहेर आला. तो त्या फांदीतच राहत असणार. तसे राहतात ते, आपलं घर समजून, दुसरं कोणी खायला आलं तर त्याला चिमटे काढत. तो पेपरवर उतरला, शेंगदाण्यांना वळसा घालून थोडा चालला आणि थांबला. नातू ओरडला, 'आजोबा, खेकडा!' आजोबांनी चपलेने उडवला.

काकू म्हणाल्या, 'घरी गेलं की ब्लीचिंगमध्ये टाकू, पांढरंशुभ्र निघते.' म्हणजे यांना पद्धत ठाऊक होती. कुणाकडे तरी आधीच पाहिलेलं होतं.

मी म्हटलं, 'काका, हा गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यात पोवळं पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ ज्या यादीत आहे त्याच.'

काका हसले. 'मंग वाघच आणला म्हण ना घरी!'

सगळे हसले.

हेच काका दर उन्हाळ्यात ताडोब्याला जातात. जिप्सीत श्वास रोखून बसतात. शेजारच्या गाडीत कोणी जोरात शिंकलं तरी डोळे वटारतात. वाघाच्या अंगावर कोणी खडा मारला असा व्हिडिओ आला तर 'यांना आत टाका' म्हणून चार ग्रुपवर पुढे पाठवतात. आणि कायद्याच्या दृष्टीने त्याच वाघाच्या पंगतीतला जीव मोडून, डब्यात कोंबून, झाकण दाबून लावतात. का? वाघाला मिशा आहेत. वाघ गुरगुरतो. पोवळ्याने गुरगुरायला हवं होतं बहुतेक. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षं कैद आहे आणि वर दंड. पण ही कैद पेंचमध्ये फासे लावणाऱ्या गरीब माणसासाठी असते, नाही का, पेन्शन असलेल्या माणसाला कोण विचारतो?

त्याच दुपारी दुसऱ्या एका ताईंनी पाण्यातून काळी, लांबट, मऊ समुद्रकाकडी (काकडी नावालाच, जिवंत प्राणी आहे तो) उचलून सगळ्यांना 'पाहा, पाहा, पिचकारी मारते' करून दाखवली. पोरांनी दाबून दाबून खेळली. तीही त्याच यादीत आहे. तिच्या चोरट्या व्यापारावर तिकडे छापे पडतात. आमच्याकडे ती पिचकारी.

रात्री जहाजावरच्या आमच्या पॅसेजमध्ये वास सुटला. मेलेल्या समुद्राचा वास, दुसरं काय सांगू! सफाईवाली पोरगी दोनदा येऊन सुगंधी फवारा मारून गेली. काकूंनी तिलाच सुनावलं, 'बाथरूम नीट साफ करत जा.'

बरं, परतीची बोट. शेवटच्या बोटीची वेळ सांगितलेली असते, ती आपल्यासाठी नसते. एका कुटुंबाचं ड्रोन माडात अडकलं होतं, त्यासाठी दीडशे माणसं उन्हात धक्क्यावर उभी राहिली. ड्रोन काढायला माडावर कोण चढलं? तोच गाईड पोरगा. खाली आल्यावर त्याला पन्नास रुपये पुढे केले, त्याने घेतले नाहीत, तर म्हणे, 'भाव खाऊन राहिला.'

नाही, आता सरळच बोलतो.

लाज वाटली मला. तिथल्या माणसांची नाही, जहाजाची नाही, आपली. आपण त्यांच्या गावात गेलो होतो. परवान्याशिवाय त्या बेटांवर पाऊल ठेवता येत नाही, आणि तो परवाना काढून देऊन, बोटीत हात धरून उतरवून, नारळ फोडून त्यांनी आपल्याला आत घेतलं. तिथल्या प्रत्येक माडाला मालक आहे, तरी पडलेला नारळ उचलून चालू लागलेल्या माणसाला कोणी बोललं नाही. आणि आपण काय केलं? त्यांच्या अंगणात चड्डीवर हिंडलो, त्यांच्या वाळूत डायपर पुरले, त्यांच्या पोरांना भैया म्हणून राबवलं, आणि ज्याच्यावर त्यांचं गाव टिकून आहे ते लाथेने मोडून घरी आणलं. त्या जहाजात हजारावर माणसं होती. असं जहाज पुन्हा येतं, आणि त्यानंतर पुन्हा. 'माझ्या एका फांदीने काय होते' हे प्रत्येकाने म्हटलं तर उरतं काय, ह्याचा हिशोब बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला मी शिकवायचा?

आणि जे मोडत नव्हते, तेही हसत होते. व्हिडिओ काढत होते. फांदी मोडताना आपल्यातल्या एकाही माणसाने 'काका, ठेवा ते' म्हटलं नाही. ज्याने म्हटलं तो बावीस वर्षांचा परका पोरगा, मोडक्या इंग्रजीत, आणि त्याला तुम्ही 'बे' म्हणालात. तुमच्या घरी कोणी पाहुणा येऊन देव्हाऱ्यातली मूर्ती मोडून खिशात घालायला लागला तर तुम्ही त्याला सर म्हणाल?

आता ग्रुपवर अंदमानचं पोल फिरतंय. उत्साह दांडगा आहे. 'तिथे तर अजून मोठी पोवळी असतात' असाही एक मेसेज आलाय, खाली सात अंगठे. मी तिथेच लिहिलंय आणि इथेही लिहितो. ती फांदी शोकेसमधून काढा आणि वनखात्याच्या ऑफिसात जाऊन जमा करा, स्वतःच्या तोंडाने सांगून. आणि पुढच्या वेळी कुठल्याही पाण्यात उतराल तेव्हा पाय उचलून तरंगा. तरंगता येत नसेल तर काठावर बसा. काठावरही हात शांत राहत नसतील तर अंदमानची तिकिटं काढू नका, कूलर लावा आणि घरी बसा.